धारित्रावरचा दुसरा आकडा

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारीचे झाकण काढले, की आत वेग कमीजास्त करणारी एक पट्टी दिसते. तिच्यावर किंवा तिच्या तारांना जोडलेले एकदोन उभे, चकचकीत डबे असतात. हीच धारित्रे. दुकानदार आणि मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. प्रत्येक डब्यावर दोन आकडे छापलेले असतात. समजा, ते १००० मायक्रोफॅरड आणि २५ व्होल्ट असे आहेत. पहिला आकडा धारकतेचा. त्याचे सूत्र आपण अकरावी-बारावीला शिकवतो, गणितेही घालतो. दुसऱ्या आकड्याबद्दल मात्र पाठ्यपुस्तके बहुधा गप्प असतात.

विज्ञान प्रदर्शनासाठी अशी मोटार जुळवणारे विद्यार्थी नेमके या दुसऱ्या आकड्यापाशी अडतात. बॅटरी ७.४ व्होल्टची असताना डबा २५ व्होल्टचा का? १० व्होल्टचा स्वस्त आणि लहान मिळतो, तो का चालू नये? आणि ५० व्होल्टचा लावला, तर मोटार जास्त जोरात पळेल का? प्रश्न साधे आहेत, पण चुकीच्या उत्तराने डबा फुटू शकतो. त्यातील रसायन उडते आणि डोळा जवळ असेल तर इजा होते. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि तो माणसाला कसा उमगत गेला, हे आपण पाहू. हा इतिहास बराचसा फुटलेल्या बाटल्यांचा आणि जळालेल्या तारांचा आहे.

तळ्याची पातळी आणि बांधाची उंची

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव अनेकांनी पाहिला असेल. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी इ. स. १५३० मध्ये डोंगरांच्या मधला प्रवाह मातीच्या बांधाने अडवून तो बांधला असे सांगतात. काठावर भगवती देवीचे देऊळ आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व निस्सारण आयोगाने २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत स्थान दिले.

तलावाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी विचारता येतात. त्याचा विस्तार किती? आज पाण्याची पातळी किती? आणि बांध किती उंचीचे पाणी सोसू शकेल? पातळी एक हाताने वाढवायला किती पाणी लागेल, हे विस्तारावर अवलंबून असते. धारित्रात या विस्ताराच्या जागी धारकता येते, पातळीच्या जागी त्या क्षणी असलेले विभवांतर आणि बांधाच्या ताकदीच्या जागी डब्यावरचा दुसरा आकडा. बांध दहा हात उंच आहे म्हणून तळ्यात दहा हात पाणी असतेच असे नाही. तसेच २५ व्होल्टच्या डब्यात २५ व्होल्ट भरलेले नसतात. ७.४ व्होल्टची बॅटरी जोडली, तर डबा ७.४ व्होल्टपर्यंतच भरतो. ५० व्होल्टचा डबा लावल्याने मोटार जोरात पळणार नाही, हे इथेच स्पष्ट होते.

बांध बांधणारा माणूस सरासरी पावसाचा विचार करून उंची ठरवत नाही. कोकणात वर्षभराचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. आषाढातल्या एखाद्या रात्री जो लोंढा येतो, त्यालाच बांध पुरा पडावा लागतो. वर्षाचे उरलेले दिवस तो उगाच उंच वाटला तरी चालते. धारित्राच्या बाबतीतही नेमके हेच लक्षात ठेवायचे आहे. आकडा निवडताना बॅटरीवर छापलेले व्होल्ट पाहून भागत नाही, मंडलात क्षणभर का होईना चढणारे सर्वांत मोठे व्होल्टेज पाहावे लागते.

विजयनगरच्याच राज्यात, आजच्या आंध्र प्रदेशातील पोरुमामिल्ला येथे, १३६९ सालचा एक शिलालेख आहे. चांगल्या तलावाची बारा अंगे आणि सहा दोष त्यात दिले आहेत. बांधातून पाणी झिरपणे हा त्यांतला एक दोष. धारित्राच्या तंत्रज्ञांनाही हा दोष ठाऊक आहे. ते त्याला गळतीचा प्रवाह म्हणतात.

दाखला इथवर चालतो, पुढे एका ठिकाणी तो तुटतो. तलावाचा बांध जाड केला म्हणून तलावात मावणारे पाणी फारसे बदलत नाही. धारित्रात मात्र दोन धातूंच्या पत्र्यांमधला विद्युतरोधक थर हाच बांध असतो, आणि तो जितका पातळ तितकी धारकता जास्त. म्हणजे धारकता वाढवायला थर पातळ हवा आणि व्होल्ट सोसायला जाड हवा. ही ओढाताण गेली पावणेतीनशे वर्षे चालू आहे.

बाटलीतील वीज

१७४५ च्या ऑक्टोबरात एवाल्ड फोन क्लाइस्ट या धर्माधिकाऱ्याने औषधाच्या बाटलीत खिळा घालून त्याला घर्षणयंत्रातून वीज दिली. बाटली हातात धरून खिळ्याला बोट लावताच त्याला जबर धक्का बसला. काही महिन्यांतच हॉलंडमधील लायडेन येथे पीटर फान मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत हाच अनुभव आला. संपूर्ण फ्रान्सचे राज्य मिळाले तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. त्या गावावरून बाटलीला लायडेन पात्र हे नाव पडले. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजासमोर हातात हात गुंफलेल्या १८० शिपायांमधून तिचा धक्का नेला आणि सगळे एकदम उडाले.

वीज साठते कुठे, पाण्यात की काचेत? अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी भारित बाटलीतले पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून पाहिले. ओतलेल्या पाण्यात धक्का नव्हता. जुन्या बाटलीत नवे पाणी भरले, तर धक्का मिळत होता. मग त्यांनी खिडकीच्या सपाट काचांना दोन्ही बाजूंनी शिशाचे पत्रे लावून तेच काम करून घेतले. पाणी, बाटलीचा आकार या गोष्टी गौण ठरल्या. महत्त्वाचे होते ते दोन पत्रे आणि मधला थर. अनेक बाटल्या एकत्र जोडण्याला बॅटरी हा शब्दही फ्रँकलिन यांनीच वापरला.

बाटल्या करणाऱ्यांना याच काळात दुसराही धडा मिळाला. पातळ काचेची बाटली धक्का मोठा देते, पण फार भारित केली तर काचेला भोक पडते आणि बाटली कायमची निकामी होते. पोट तेवढेच, पण सोसण्याला मर्यादा आहे, हे लोकांनी अशा रीतीने काच गमावून शिकले. त्यांच्याजवळ व्होल्ट हे एकक नव्हते, त्यामुळे मर्यादा आकड्यात लिहिणे शक्य नव्हते.

१७८२ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी अशा उपकरणाला ‘कॉन्डेन्सातोरे’ म्हटले. आपल्या गल्लीतला पंखे दुरुस्त करणारा कारागीर कंडेन्सर मागतो, तेव्हा तो व्होल्टांचाच शब्द उच्चारत असतो. १८३७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवले, की मधल्या थरात काच, लाख, गंधक असे वेगवेगळे पदार्थ घातले, तर त्याच आकाराच्या धारित्राची धारकता बदलते. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत फॅरड हे धारकतेचे आणि व्होल्ट हे विभवाचे एकक म्हणून मान्य झाले. डब्यावरच्या दोन्ही आकड्यांना लागणारी एकके अशी एकाच बैठकीत पक्की झाली.

समुद्राखालची लांब बाटली

याच्या तेवीस वर्षे आधी, व्होल्टची मर्यादा न ओळखण्याची फार मोठी किंमत मोजून झाली होती. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलँड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल पडली. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचा थर आणि बाहेर समुद्राचे पाणी, अशी तिची रचना. हे झाड आपल्या चिकूच्या आणि बकुळीच्या कुळातले. नीट पाहिले तर ही केबल म्हणजे शेकडो कोस लांबीची लायडेन बाटली होती: तार हा आतला पत्रा, पाणी हा बाहेरचा पत्रा आणि चीक ही काच. फॅरडे यांनी अशा केबलचे हे रूप आधीच ओळखले होते. एवढी मोठी बाटली भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. त्यामुळे राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे सोळा तास लागले.

कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना वाटले, की जोर वाढवला तर संदेश लवकर जाईल. त्यांनी मोठ्या प्रवर्तन वेटोळ्यांमधून सुमारे २००० व्होल्ट केबलवर घातले. केबल घडवताना आणि साठवताना तिचा थर काही ठिकाणी आधीच बिघडला होता. तो हा दाब सोसू शकला नाही आणि काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी उलटी वाट धरली होती. व्होल्ट थोडेच ठेवावे आणि पलीकडच्या टोकाला आरशाचा नाजूक गॅल्व्हानोमीटर लावून क्षीण संकेत टिपावा, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी समितीचा अहवाल १८६१ मध्ये आला. केबलची प्रमाणित मोजमापे आणि चाचण्या हव्यात, हा विचार त्यामुळे बळावला.

सुधारलेली अटलांटिक केबल १८६६ मध्ये यशस्वी झाली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल अरबी समुद्रात टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे युरोपच्या तारायंत्राला जोडली गेली. ही तार टिकली, कारण बारा वर्षांपूर्वीच्या अपयशातून धडा घेतला गेला होता. जास्त जोर म्हणजे चांगले काम असे नव्हे, आणि थर किती सोसेल हे आधी मोजावे लागते.

ठिणगीपासून अभ्रकापर्यंत

दूरवरून यंत्र चालवण्याची सुरुवातही धारित्रापासूनच झाली. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मधल्या भिंतींपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारू उडवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेशिवाय हुकूम पाळणारी होडी पाण्यात चालवली. आजच्या रेडिओ-मोटारीची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

त्या काळचे बिनतारी प्रेषक ठिणगीवर चालत. लायडेन बाटल्या हजारो व्होल्टपर्यंत भरायच्या आणि ठिणगीतून एकदम रिकाम्या करायच्या. काचा वारंवार फुटत आणि जहाजावर तर जागाही कमी. विल्यम डुबिलिए यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अभ्रकाचे धारित्र आणले. अभ्रकाचे पापुद्रे अतिशय पातळ निघतात आणि तरीही खूप व्होल्ट सोसतात. पहिल्या महायुद्धात बाटल्यांची जागा अभ्रकाने घेतली. त्यामुळे कोडरमा भागातल्या, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधल्या आणि आताच्या झारखंडमधल्या, अभ्रकाला जगभर मागणी आली.

ठिणगीचा हा इतिहास छोट्या मोटारीत आजही भेटतो. ब्रशच्या मोटरमध्ये ब्रश आणि फिरती पट्टी यांच्यामध्ये सारख्या ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी हा एक चिमुकला, बेशिस्त प्रेषकच असतो. तो आपल्याच गाडीच्या ग्राहकाला गोंधळात टाकतो. म्हणून मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडची, ‘१०४’ असे लिहिलेली चपटी सिरॅमिक धारित्रे लावतात. ती ठिणगीचा कलकलाट जागच्या जागी गिळतात.

ॲल्युमिनियमवरची साय

गाडीतल्या उभ्या डब्याची कथा मात्र वेगळी आहे. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर योग्य द्रावात टिकून राहतो हे पाहिले आणि १८९० च्या दशकात त्यावरून विद्युतविघटनी धारित्राचे पेटंट घेतले. १९२५ मध्ये सॅम्युअल रूबेन यांनी पत्रे आणि द्राव शोषलेला कागद यांची गुंडाळी करून त्याला आजच्यासारखे रूप दिले.

इथे बांध वेगळा आणून बसवत नाहीत. दुधावर साय धरावी तसा तो धातूवर वाढवतात. वाढवताना जितके व्होल्ट द्यावे तितका थर जाड होतो, दर व्होल्टला सुमारे १.४ नॅनोमीटर. २५ व्होल्टच्या डब्यासाठी समजा ३५ व्होल्ट देऊन थर वाढवला, तर त्याची जाडी ५० नॅनोमीटरच्या आसपास येते. माणसाचा केस याच्या हजारपटीहून जाड असतो. आता हिशेब करून पाहा. ५० नॅनोमीटरवर २५ व्होल्ट म्हणजे दर मिलिमीटरला ५ लाख व्होल्ट. हवा मिलिमीटरला ३ हजार व्होल्टच्या आसपासच हार मानते. २५ व्होल्ट हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो, पण त्या थराला तो किरकोळ नसतो.

दुसरा आकडा कुठून येतो, हे आता उघड झाले. कारखान्यात साय किती जाड धरली, त्याची ती नोंद आहे. आकडा ओलांडला, तर थरातून प्रवाह गळू लागतो, द्राव तापतो, वायू तयार होतो आणि डबा फुगतो. डोक्यावर पाडलेल्या अधिकच्या चिन्हासारख्या खाचा त्यासाठीच असतात. वाट फुटायचीच असेल तर ती तिथे फुटावी. बांधाच्या सांडव्यासारखी ही सोय आहे. डबा उलटा जोडला, तर थर वाढलेल्या पत्र्यावर उलटे विभवांतर पडते, त्याला अडवण्याची ताकद त्या थरात नसते आणि थोड्या व्होल्टवरही हीच गत होते. डब्यावरची पट्टी ऋण टोक दाखवते.

मोटारीतला हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन घटांची लिथियम पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणवते, पण पूर्ण भारित असताना ती ८.४ व्होल्ट देते. लेबलवरचा आकडा सरासरीचा आहे, हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा तारेचा. वेग नियंत्रित करणारी पट्टी मोटरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. वाहणारा प्रवाह एकदम तोडला, की तारेचे स्वयंप्रवर्तन आडवे येते आणि व्होल्टेज उसळते. समजा, तारेचे स्वयंप्रवर्तन ०.२ मायक्रोहेन्री आहे आणि ५० अँपिअरचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात तुटला. मग उसळी ०.२ गुणिले ५०, म्हणजे १० व्होल्टची. बॅटरीचे ८.४ मिळवले, की १८.४ व्होल्ट झाले. धारित्र नसते, तर हा तडाखा थेट ट्रान्झिस्टरवर बसला असता.

पट्टीलगतचे धारित्र तो प्रवाह आपल्यात घेते, आणि उसळी दबते. पण धारित्रालाही थोडा अंतर्गत रोध असतो. तो ०.०५ ओहम धरला, तर ५० अँपिअरला २.५ व्होल्टची भर पडतेच. ८.४ आणि २.५ मिळून १०.९ व्होल्ट. १० व्होल्टचा डबा इथेच बाद झाला. १६ व्होल्टचा चालेल, पण तारा लांब असल्या, डबा उन्हातान्हात जुना होऊन त्याचा रोध वाढला किंवा जोरात ब्रेक लावल्यावर मोटरच जनित्र होऊन वीज परत पाठवू लागली, तर उरलेले अंतरही घटते. म्हणून २५ व्होल्ट.

मग ५० व्होल्टचाच का घेऊ नये? घेता येतो, पण थर जाड म्हणजे त्याच धारकतेसाठी पत्रा जास्त लागतो. डबा मोठा आणि जड होतो. खेळण्याच्या मोटारीत ही अडचण खरी असते.

काही जण अधिक साठ्यासाठी अतिधारित्रे लावतात. त्यांचे पहिले पेटंट १९५७ मध्ये अमेरिकेत मिळाले. त्यांची धारकता कित्येक फॅरड असते, पण एकेक घट बहुधा २.७ व्होल्टच सोसतो. तीन घट एकसरीत जोडले, तर ८.१ व्होल्ट होतात, ८.४ ला ते कमीच पडतात. म्हणजे चार हवेत. शिवाय चारही घटांत व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत. ज्याची धारकता कमी, त्याच्या वाट्याला जास्त येतात.

घरच्या छताच्या पंख्यातही हेच दिसते. वीज २३० व्होल्टची, पण कंडेन्सरवर ४४० लिहिलेले असते. प्रत्यावर्ती २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. शिवाय पंख्यात कंडेन्सर वेटोळ्याशी एकसरीत असल्यामुळे त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज पुरवठ्यापेक्षाही जास्त होते.

वर्गात काय करावे

हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर दाखवता येते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा डबा योग्य टोके पाहून १ किलोओहमच्या रोधातून भारित करावा आणि मल्टिमीटरने मोजावा. तो ९ व्होल्टच्या आसपास थांबेल, २५ दाखवणार नाही. एवढ्याने पहिला गैरसमज दूर होतो. मग बॅटरी काढून त्याच रोधातून लाल एलईडी पेटवावा. तो मंद होत विझेल.

दुसऱ्या प्रयोगात १००० आणि ४७० मायक्रोफॅरडचे दोन रिकामे डबे एकसरीत जोडून ९ व्होल्ट द्यावे आणि लगेच मोजावे. लहान डब्यावर सहाच्या आसपास आणि मोठ्यावर तीनच्या आसपास व्होल्ट दिसतील. डब्यांवरचे आकडे वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असतात, तेव्हा उत्तर तंतोतंत येणार नाही. ते का येत नाही, यावर विद्यार्थ्यांना बोलते करावे.

मात्र पंख्याचा कंडेन्सर आणि जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधले धारित्र वर्गात उघडू नये. फ्लॅशचे धारित्र ३०० व्होल्टच्या आसपास भारित असते आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसेच राहते. डबा मुद्दाम फोडून दाखवण्याचा मोहही टाळावा.

प्रदर्शनाच्या मोटारीसाठी धारित्र निवडताना विद्यार्थ्यांकडून एक तक्ता भरून घ्यावा: बॅटरीचे छापील व्होल्ट, पूर्ण भारित व्होल्ट, उसळीचा अंदाज, बेरीज आणि मग डब्यावरचा आकडा. पाच रकान्यांचा हा तक्ता भरल्याशिवाय डाखणी हाती देऊ नये. मर्यादा आधी मोजण्याची सवय याच वयात लागली, तर पुढे हे विद्यार्थी पंप, पूल किंवा बांध उभारतील तेव्हाही ती उपयोगी पडेल.